चालती केळ आणि ताईची बाटली

तीर्थरूप प्रोविदेन्सिया ताईस,

आशीर्वाद दे. (तू ‘देव तुझं भलं करो’ म्हणालीस असं धरून पुढे लिहितो. फोनवर ते वाक्य म्हणायला तू इतका वेळ लावतेस की मधल्या वेळात मी आपला कुठला गुन्हा तिकडे पोचला असेल ते आठवत बसतो.) इकडे सर्व क्षेमकुशल आहे. कासिमिरेचा रक्तदाब तिच्या आवाजाएवढा आहे, म्हणजे वरच. माझी प्रकृती उत्तम आहे असं मी म्हणतो, नाही असं डॉक्टर म्हणतात, आणि कासिमिरा डॉक्टरांच्या बाजूची आहे, त्यामुळे घरात बहुमत त्यांचं. कॉफी यंदा बरी धरली आहे. कोंबड्या अंडी देतात. देवळाच्या घंटेचा दोर तुटला होता तो बसवला, पण आता घंटा वाजवणारा सापडत नाही. शिकागोच्या थंडीत तुझे गुडघे कसे आहेत हे विचारायचं राहिलं असं समजू नकोस. तुझ्या पत्रात गुडघ्यांवर दीड पान होतं, ते मी मन लावून वाचलं. माझ्यावर मात्र शेवटी एकच ओळ होती, आणि त्या ओळीतही मी नव्हतो, बाटली होती.

ती ओळ मला आता पाठ झाली आहे. ‘यादियेल डिसेंबरात मित्राच्या लग्नाला सान हुआनला येतो आहे, त्याच्याकडे माझी पुरलेली बाटली दे, माझं येणं आता काही जमायचं नाही.’ ताई, पत्रात एवढी मोठी गोष्ट एवढ्या छोट्या ओळीत घालू नये. मला वाईट वाटलं. कासिमिरेला वाचून दाखवताना मी ‘जमायचं नाही’ हे शब्द गाळले, पण तिने माझ्या तोंडाकडे बघून ते ओळखले आणि चुलीवरचं तांदळाचं पातेलं उतरवायला विसरली. त्या दिवशी आम्ही करपलेला भात खाल्ला.

मग यादियेलचा फोन आला. तुझा नातू गुणी आहे, मोठ्यांना मान देतो, आशीर्वाद मागितल्याशिवाय बोलायला सुरुवात करत नाही, सगळं कबूल. पण तो त्याच्या नव्या बारमध्ये त्या बाटलीचं काय करणार आहे हे त्याने तुला सांगितलं आहे का? मला सांगितलं. तुझी मुरवलेली दारू तो मापाने घेणार, त्यात लिंबू पिळणार, अंड्याचा पांढरा बलक घालणार (ताई, अंड्याचा!), बर्फाबरोबर डब्यात घालून दोन्ही हातांनी खडखडवणार, उंच पेल्यात ओतणार आणि वर पुदिन्याचं पान खोचणार. मी विचारलं, बाळा, एवढी मारहाण कशासाठी? तर म्हणाला, आजोबा, याला कॉकटेल म्हणतात, आणि घरी मुरवलेल्याला हल्ली फार मागणी आहे. मागणी असेल. पण जी गोष्ट वर्षानुवर्षं जमिनीखाली गप्प बसून शहाणी झाली, तिला शेवटच्या क्षणी पाळण्यात घालून हलवायचं म्हणजे काय? बरं, त्याला नावही ठेवणार आहे: ‘आजीचं गुपित’. माझ्या वडीलधाऱ्या बहिणीचं गुपित अनोळखी माणसं गवताच्या काडीने ओढून पिणार, आणि मी ते पोत्यात गुंडाळून विमानतळावर नेऊन द्यायचं.

तरीही, तुझी आज्ञा म्हणून मी फावडं उचललं. पुढे जे झालं ते सविस्तर कळवतो, म्हणजे बाटली का पोचणार नाही हे तुला समजेल आणि तू माझ्यावर रागावणार नाहीस (किंवा निदान विचार करून रागावशील).

तू निघालीस त्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट तुला आठवतच असेल. गावठी दारू आणली होती ‘त्या’ माणसाकडून. (नाव लिहीत नाही. टपाल खात्यातही तहानलेली माणसं असतात.) तू सकाळपासून ओट्याशी उभी होतीस. केनेपाची फळं चोखून नव्हे, सोलून घ्यायची, असं मला बजावत होतीस, आणि मी चोखत होतो. संत्र्याची साल तू अशी काढलीस की आतला पांढरा पापुद्रा सालीला एवढासा लागला नाही. पांढरं राहिलं की कडू होतं, म्हणालीस. आलं, दालचिनी, मनुका, सुकवलेले आलुबुखार, ओल्या नारळाचे तुकडे. लवंगा मी घालायला गेलो तर हातावर पळी मारलीस. सगळं त्या पोटाळ बाटलीत भरून, झाकणावर मेण ओतून तू म्हणालीस, ‘नीको, मी आल्याशिवाय ही काढायची नाही. मी नाही आणि नाताळात पारांदाची मंडळी गाणी म्हणत दारात आली, तर त्यांना तुझी पाज.’ मी खड्डा खणला. खूण काय ठेवायची यावर आपण बराच विचार केला. दगड म्हटला तर कोणीतरी उचलतो, कुंपण म्हटलं तर ते शेजाऱ्याच्या मनाप्रमाणे सरकतं, माणसांचा तर भरवसाच नाही. तेव्हा मी, जन्मभर केळी लावणारा, केळीच्या बागेत वाढलेला, केळीवर दोन मुली उजवलेला मी, छातीवर हात ठेवून म्हणालो, बाबांच्या वेळची ही केळ आहे, हिच्या बुंध्याशी पुरू. आणि तू, माझ्याहून मोठी आणि माझ्याहून शहाणी, म्हणालीस, बरं.

तुझ्यामागे माझी स्वतःची बाटली मी दर वर्षी पुरत आलो, आणि तिच्याविषयी तुझ्या कानावर काय काय घातलं गेलं आहे याची मला कल्पना आहे. त्यातलं बरंचसं खरं आहे. पहिल्या वर्षी पेरू घातले. बाटली काढली तेव्हा रंग भांडी घासल्यानंतरच्या पाण्यासारखा आणि चवही त्याच घराण्यातली. पुढे नारळ जास्त घातला, तर त्याचा खवट वास सुटला आणि ‘नीकोमामाने यंदा साबण मुरवलाय’ असं एक गाणंच पारांदावाल्यांनी जागच्या जागी रचून म्हटलं. (यमक चांगलं होतं. राग त्याचाच आला.) एका वर्षी अननस. तो कच्चा होता की जास्त पिकला होता हे अजून ठरलेलं नाही, पण नाताळच्या आधीच परसात जमिनीखालून आवाज झाला, कोंबडा दिवसभर छपरावरून उतरला नाही, आणि कासिमिरेला वाटलं की गेलेले बाबा काहीतरी सांगतायत. गेल्या वर्षीची मी लवंगा घालून केली होती, कारण आता पळी मारायला कोणी नव्हतं. मंडळी आली, गायली, प्याली, ‘वा, नीकानोरभाऊ’ म्हणाली, आणि जाताना सगळ्यांनी आपापले पेले कासिमिरेच्या जास्वंदीच्या कुंडीत रिकामे केले. जास्वंद गेली. सांगायचा मुद्दा असा की गावात तुझ्या हातची चव आता फक्त त्या एका बाटलीत उरली आहे, आणि हे मलाच नाही, सगळ्या बार्रिओला, अख्ख्या वस्तीला ठाऊक आहे.

तर मी केळीच्या बुंध्याशी खणायला लागलो. कासिमिरा दारात डाळ निवडत होती. ती म्हणाली, ‘अहो, तिथे नाही. खुराड्याखाली बघा.’ मी लक्ष दिलं नाही. तुला माहीत आहे, बायको एखादी गोष्ट शांतपणे सांगते तेव्हा ऐकायची सवय पुरुषाला नसते. आरडाओरडा केला असता तर कदाचित ऐकलं असतं. मी बुंध्याच्या पूर्वेला खणलं, मग पश्चिमेला, मग बुंध्याखालीच. गांडुळं निघाली, तुझा एक काटा-चमचा निघाला (चमचाच, काटा नाही), अननसाच्या बाटलीची काच निघाली. दुसऱ्या दिवशी आणखी खणलं. कुंपणावरून येणारे-जाणारे विचारायला लागले. कोणी म्हणालं विहीर, कोणी म्हणालं शोषखड्डा, आणि तो लाकडाच्या वखारीतला म्हातारा टोपी काढून ‘कोण गेलं?’ म्हणून हळहळला. मी सगळ्यांना सांगितलं, पाण्याची जुनी नळी शोधतोय.

हे सांगितलं तिथे चुकलं. कारण कुंपणापलीकडच्या पास्तर आबिमाएलने ते ऐकलं. तू गेल्यावर ते कुटुंब इथे राहायला आलं. माणूस सोन्यासारखा. दारूला शिवत नाही, शिवणाऱ्याला शिवत नाही, रविवारी त्याचं प्रवचन आमच्या स्वयंपाकघरात फुकट ऐकू येतं. त्याने प्रार्थनेचं सभागृह बांधायला खणण्याचं एक छोटं यंत्र आणून ठेवलं आहे, पिवळं, लहान पोराला खेळायला द्यावं असं दिसतं, पण सोंड मात्र मोठ्यांची. ‘भाऊ, या वयात तुम्ही फावडं मारताय आणि मी बघत बसू? शेजारधर्म म्हणून काही आहे की नाही?’ असं म्हणून तो यंत्रावर बसून कुंपणातून सरळ आत आला. (कुंपण आता नाही.) मी नको नको म्हणत होतो, त्याला वाटलं भिडस्तपणा आहे. ज्या माणसाला मी वर्षानुवर्षं ‘आमच्याकडे फक्त कॉफी पितात’ असं सांगत आलो, तो माझ्या परसात देवाचं नाव घेऊन माझी दारू शोधत होता, आणि त्याला ते माहीत नव्हतं. मला पहिल्यांदाच त्याची दया आली. पण ती फार टिकली नाही, कारण तेवढ्यात जमिनीतून पाण्याचा असा उंच फवारा उडाला की कोंबडा पुन्हा छपरावर गेला. पास्तर भिजून चिंब, तोंडभर हसत यंत्रावर उभा राहून ओरडला, ‘भाऊ! सापडली! नळी सापडली!’

ती सबंध बार्रिओची नळी होती. पाणी येईपर्यंत वरच्या आळीपासून खालच्या आळीपर्यंत सगळ्या बायका बादल्या घेऊन आपल्या परसात. तू इथे असताना कधी एवढी माणसं घरी आली नव्हती. मी चिखलात उभा राहून प्रत्येकीची क्षमा मागत होतो, आणि पास्तर बिचारा प्रत्येकीला समजावत होता की भाऊ कधीपासून हीच नळी शोधत होते. शेवटी कासिमिरेला राहवलं नाही. बादल्यांच्या त्या रांगेसमोर, डाळीचं सूप काखेत धरून ती म्हणाली, ‘नळी कसली डोंबलाची! वन्संची बाटली शोधतायत हे. मुरवलेली. केळीशी पुरलेली. आणि केळ चालते हे मी यांना सांगायचं? घड उतरवला की आई-केळ आडवी करायची आणि शेजारचं पिलू राखायचं, हे यांनीच मला लग्नाच्या वर्षी शिकवलं. दर वर्षी पाऊलभर सरकत गेली ती पार कुंपणाला लागली. बाटली होती तिथेच आहे. ती नाही चालत!’

ताई, खरं सांगतो, त्या वेळी नळीत शिरता आलं असतं तर शिरलो असतो. वरच्या आळीतल्या बायका बादल्या खाली ठेवून हसल्या. केळीवाला केळीकडून फसला, हे आता माझ्या मरणानंतरही सांगतील. पण मला भीती पास्तरची होती. तो यंत्रावर बसला होता, चेहऱ्यावरून पाणी ओघळतंय, हात मांडीवर. मला वाटलं आता प्रवचन येणार, आणि तेही रविवारची वाट न बघता. तर तो हळूच म्हणाला, ‘माझी आईपण पुरायची. तिची बाभळीखाली असायची. मनुका जास्त घालायची.’ आणि यंत्र चालू करून दुप्पट जोमाने खणायला लागला.

तर आता परिस्थिती अशी आहे. परसात पायवाटेपुरती जागा सोडली तर सगळीकडे खड्डे आहेत. रताळी गेली. धुणं वाळत घालायचा खांब गेला. केळ उभी आहे, कारण तिच्यावर हात उचलायचं माझं धैर्य नाही. ती आणि मी आता एकमेकांकडे बघत नाही. एकच जागा न खणता राहिली आहे, ती खुराड्याखालची, आणि ती खणणार नाही. एक तर ते खुराडं मी स्वतःच्या हाताने बांधलं आहे, आणि मी बांधलेल्या वस्तूंपैकी आजवर उभी असलेली ती एकच. दुसरं, त्यात लाल कोंबडी खुडूक बसली आहे. आणि तिसरं, खुराडं हलवून बाटली निघालीच, तर कासिमिरेचं म्हणणं बरोबर ठरेल, आणि या वयात माझ्याने तो धक्का सोसवणार नाही. तेव्हा बाटली सापडली नाही, सापडायची आशा नाही, असं यादियेलला प्रेमाने सांग. त्याला अंडी फेटायचीच असतील तर आमची ताजी अंडी पाठवतो.

तिथे सगळ्यांना आशीर्वाद. थंडीत बाहेर पडू नकोस. मोजे दोन घाल.

तुझा आज्ञाधारक धाकटा भाऊ,
नीकानोर

ता.क. यादियेलच्या हाती घरची कॉफी पाठवतो आहे. त्यात काहीही मिसळू नये.

ता.क. वन्सं, आशीर्वाद द्या. मी कासिमिरा. हे टपालाची तिकिटं शोधायला गेलेत तोवर लिहिते. यांनी लिहिलंय ते नळीपर्यंत सगळं खरं आहे, त्यापुढे विश्वास ठेवू नका. परवा पास्तरने आणि मी खुराडं कोंबडीसकट उचलून बाजूला ठेवलं, आणि हात-दीड हातावर बाटली होती. मेणाला ओरखडा नाही. पास्तरने झाकणाशी नाक नेलं, डोळे मिटले, आणि म्हणाला, ‘वहिनी, बंद आहे तोवर वासाला पाप लागत नसावं.’ हे बाटली मांडीवर घेऊन पायरीवर बसले. मी म्हटलं, चला, धुऊन ठेवू, पोर न्यायला येईल. तर म्हणाले, ही गेली की ताई यायची नाही, मग तिला यायला इथे उरलं काय? आणि रडले, वन्सं. मी सूप तोंडापुढे धरून आत निघून गेले. बाकी बरं आहे. मी म्हटलं होतं खुराड्याखाली.

ता.क. कासिमिरेने काय लिहिलं ते पाकीट चिकटवताना वाचलं. डोळ्यात चिखल गेला होता. बरं, सापडली. पण यादियेलला मिळणार नाही. तू म्हणाली होतीस, मी आल्याशिवाय काढायची नाही. मी अजून तुझं ऐकतो आहे, तूच तुझं ऐकेनाशी झालीस. मी ती परत पुरली आहे, दुसरीकडे, न उघडता. नाताळला ये. लेकाला तिकीट काढायला सांग, विमानात पाय पसरायची जागा माग, गुडघ्यांना इथलं ऊन देऊ. तू आलीस की उघडू, पहिला पेला तुझा, आणि नातवाला बरोबर आणलंस तर खडखडवायला एक पेला त्यालाही देईन. पान मीच खोचीन. यंदा खूण म्हणून केळ ठेवलेली नाही, एवढं मी शिकलो. ओसरीवरची तुझी झुलती खुर्ची नेऊन बरोबर त्या जागेवर ठेवली आहे. फक्त पाऊस आला की ती आत घ्यावी लागते, आणि काल कासिमिरेने डाळ निवडायला सावलीत सरकवली, ती कुठून हे तिला आता आठवत नाही. मला अजून साधारण आठवतं आहे. लवकर ये.